मोकळी जागा म्हणायचं नाही

माझ्या वास्तुशांतीच्या पत्रिकेमागं घरी कसं यायचं याचा नकाशा मी स्वतः काढला. छापखान्याचा मालक सांगत होता, "भाऊ, नुसता पत्ता टाका, लोक येतात बरोबर." पण सख्खी आत्या विद्यापीठात भूगोल शिकवते म्हटल्यावर भाच्याच्या बोटांत थोडं तरी उतरलं असेल, असा माझा समज. नकाशात चिकलठाण्याकडं जाणारा रस्ता होता, पिठाची गिरणी होती, बाण होते आणि गिरणीच्या चौपट आकाराचं माझं दोन खोल्यांचं घर होतं. घरासमोर बाभळींचं मोठं रान पसरलेलं. तिथं काय दाखवावं सुचेना, म्हणून मी एक स्कूटर काढली. ती बकरीसारखी दिसायला लागली, म्हणून खाली लिहून टाकलं: 'मोकळी जागा. गाड्या येथे लावाव्यात.'

लोकांनी सूचना तंतोतंत पाळली. शेवटची पंगत बसली तोवर दिवस कलला होता आणि त्या रानात पाहुण्यांच्या स्कूटरी, एक जीप आणि आमच्या साडूंची नवी कोरी मोटारसायकल अशी जत्रा भरली होती. तेवढ्यात आत्या पत्रिका हातात धरून ओट्यावर आली.

"हे कुनी लिहिलं?"

मी पुढं झालो. मला वाटलं, शाबासकी.

"मोकळी जागा? कुनी सांगितलं तुला ती मोकळी हाय म्हणून? तुला कुनी दिसत नाय तिथं, म्हणून मोकळी?" आणि मग पंगतीकडं वळून तिनं वर्गात हजेरी घ्यावी त्या आवाजात सांगितलं, "उठा. गाड्या काढा. बायकांची वेळ झाली."

रानाच्या पलीकडच्या कडेला पत्र्याची वस्ती होती. तिथल्या बायका पदराखाली डबे धरून गाड्यांच्या मागं कधीच्या खोळंबून उभ्या होत्या. आमच्यापैकी एकालाही त्या दिसल्या नव्हत्या. साडूंच्या तोंडातला पुरणपोळीचा घास तसाच राहिला. भटजीसुद्धा ताटावरून उठून सायकल काढायला पळाले. माझ्या घराची शांत अशी झाली.

तिला आम्ही सगळे 'नकाशाआत्या' म्हणायचो, अर्थात तिच्यामागं. तोंडावर नुसतं आत्या. इतरांना राग येतो आणि जातो. आत्याचा राग राहायला होता. सकाळी तिच्याबरोबर उठायचा, तिच्याबरोबर सिटी बसमध्ये बसायचा. ठेंगणी, सावळी, पाचवारी सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट, आणि खांद्याला प्लॅस्टिकच्या पाइपाचा एक तुकडा, दोन्ही टोकांना झाकणं. त्यात नकाशांच्या गुंडाळ्या. विद्यापीठाच्या नावावरून शहर पेटलेलं असताना एका नाक्यावर पोलिसानं तिला अडवलं. "मावशी, पाइपात काय आहे?" आत्या म्हणाली, "शहर आहे. उघडून दाखवू?" त्यानं नको म्हटलं. शहराचा त्यालाही कंटाळा आला असावा.

आम्ही देवगाव रंगारीकडचे धनगर. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदावरीकाठच्या शिवारांकडं उतरायचं, शेतांत मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पावसाच्या तोंडाशी घरी परतायचं, असं आजोबांचं वर्ष. आत्या त्या वाटेवर वाढली. कोणत्या माळावर कोणत्या महिन्यात काय उगवतं, पाणी कुठं लागतं, कोणत्या गावचा पाटील कुत्रं सोडतो, हे तिला अक्षरओळखीच्या आधी येत होतं. आजोबांचं एक वाक्य ती एम.ए.च्या वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायची: 'पडीक म्हणणारा एक तर तलाठी असतो, नाहीतर चोर.' आजोबांच्या मते जगात पडीक असं काही नसतंच. कुणीतरी तिथून जातं, कुणाचं तरी जनावर तिथं चरतं, कुणीतरी तिथं बसतं. मालक ते बघत नाही, एवढंच.

तिचं लग्न झालं आणि मोडलं. का मोडलं, यावर भावकीत दहा कथा होत्या. तिची स्वतःची कथा एका वाक्याची होती. "त्या घराला मागचं दार नव्हतं, आन् पुढच्या दारात सासरा बसायचा." पुढं कुणी काही विचारलं की ती विचारणाऱ्यालाच त्याच्या घराला किती दारं आहेत आणि बायको कुठल्या दारानं बाहेर पडते, ते विचारायची. माणसं विषय बदलायची. मग ती शिकली, आधी हट्टानं, नंतर शिष्यवृत्तीवर, आणि ज्या घरात तिच्याआधी कुणी दहावी पाहिली नव्हती त्या घरातून विद्यापीठात व्याख्याती झाली.

माझं लग्न तिनंच ठरवलं, ते असं. मंगल बिडकीनची, इथं भावाकडं राहून एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी. आम्ही बघायला गेलो. पोहे आले. माझ्या वडिलांनी "स्वयंपाक येतो का?" विचारायला तोंड उघडलं, तर आत्याचा प्रश्न आधी गेला.

"कंपनीत दिवसभर पाणी किती पितीस?"

मंगलनं मान वर केली. मुलगी बघायच्या कार्यक्रमात मुलीनं इतकी मान वर करायची नसते. "पीत नाय," ती म्हणाली.

"का?"

"बायकांच्या संडासाची किल्ली सुपरवायझरकडं असती. मागितली की हसतो. मग सकाळपासनंच पाणी पेयाचं नाय. सगळ्याजणी तसंच करतात."

"आन् अगदीच नाय ऱ्हावलं तर?"

"कंपनीच्या मागं बाभळीचं रान हाय. दोघी-तिघी मिळून जातो."

आत्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली. तिचा चेहरा इतका लाल झाला की मंगलच्या भावाला वाटलं, पोह्यात मिरची जास्त झाली. मग ती माझ्या वडिलांना म्हणाली, "दादा, पोरगी पसंत." मला विचारायचं राहून गेलं. आजतागायत राहिलंच आहे.

त्यानंतर आत्याच्या तोंडी तो प्रश्न कायमचा बसला. कुठलीही बाई भेटो, गुलमंडीत कापड घेणारी, बसमधली, वस्तीतली, ती "बरी आहेस का?" असं विचारायची नाही. "पाणी प्यालीस का?" एवढंच. लोकांना वाटायचं, काय मायाळू बाई. माया वगैरे नव्हती ती. मोजणी चालली होती. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या कंपनीत, कोणत्या बाजारात बाई तहानलेली राहते, हे ती टिपून घ्यायची आणि घरी येऊन कागदावर रंग भरायची. जिथं पुरुषांसाठी चहाच्या टपऱ्या आणि भिंती होत्या, तिथं तिच्या नकाशात बायकांचे मैलोगणती कोरडे पट्टे होते. शहर त्या वर्षांत झपाट्यानं वाढत होतं. चिकलठाणा भरलं, वाळूजकडं नव्या चिमण्या उठल्या, पेपरात रोज कुठल्या तरी कंपनीचं भूमिपूजन. आत्या ते वाचून पेपर आपटायची. "भूमीची पूजा करतात. भूमीवर कोन बसतंय ते बघत नायत."

माझ्या घरासमोरचं रान तेच, मंगलच्या कंपनीच्या मागचं. आणि पलीकडची पत्र्याची वस्ती होती ती नामांतराच्या पहिल्या वणव्यात गावं सोडून आलेल्या माणसांची. विद्यापीठाला ते नाव द्या, एवढी मागणी. तेवढ्यावरून गावोगाव दलितांची घरं जाळली गेली होती. माणसं हाती लागेल ते घेऊन शहरात आली आणि या रानाच्या कडेला टेकली. आत्यानं त्या दिवसांत नामांतराच्या बाजूनं उघड सही केली. माझे वडील तिला समजवायला गेले. "अगं, आपला काय संबंध? आपण धनगर माणसं. गावात राहायचंय आपल्याला."

"दादा," आत्या म्हणाली, "आज त्यांची वाट आडवली. उद्या तुझी मेंढरं आडवतील, तवा कुनाला संबंध विचारशील?"

वडील टोपी उचलून माघारी आले. देवगावकडच्या भावकीनं मात्र वर्षभर आमच्याकडची लग्नाची आमंत्रणं टाळली. मला त्याचं फार दुःख झालं नाही, कारण त्या लग्नांतलं जेवण बेताचंच असायचं. पण आत्याला विद्यापीठात जे भोगावं लागलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. सही केल्यावर एका सकाळी प्राध्यापकांच्या खोलीतून तिची खुर्ची नाहीशी झाली. ती नकाशांच्या कोठीत सापडली, जुन्या पृथ्वीगोलांच्या शेजारी. कुणी हलवली, कुणी सांगेना. आत्या तिथंच बसायला लागली. निवृत्त होईपर्यंत तिथंच बसली.

हे सगळं ज्यांच्या डोळ्यांदेखत झालं ते विभागप्रमुख. आत्या त्यांना 'कंपास' म्हणायची. "एक पाय रोवायचा आन् सोताभवती फिरायचं." दुर्दैवानं तेच तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक होते. प्रबंधाचा विषय होता, शहरातल्या बायकांच्या वाटा. बायका कुठून जातात, कुठून जात नाहीत, कुणाला भिऊन लांबचा वळसा घेतात. सर सुरुवातीला हसायचे. "बाई, याला भूगोल म्हणायचं की माहेरच्या गप्पा?" आत्या न हसता सांगायची, "सर, नदी वळसा घेते तो भूगोल. बाई घेते तो का नाही?"

सर्वेक्षणाला ती मला कधी नेत नसे. मी एकदा हौसेनं छत्री घेऊन निघालो, तर म्हणाली, "तू आलास की बायका वाट बदलतात. मग मी काय तुझा नकाशा काढू?" ती मंगलला न्यायची, आणि मंगलची कंपनीतली मैत्रीण रशीदाबी, शहागंजातून येणारी, तिला. तिघी पहाटे आणि तिन्हीसांजेला रानात जायच्या, बायकांशी बोलायच्या. त्यातून एक नकाशा तयार झाला, त्या एकट्या रानाचा. नगररचनेच्या आराखड्यात ते पांढरंफटक होतं, आत फक्त 'मोकळी जागा' असे शब्द. आत्याच्या कागदावर तिथं तिळाएवढी जागा रिकामी नव्हती. वस्तीतल्या बायकांची पहाटेची बाजू, आमच्या कॉलनीतल्या मोलकरणींची बाजू, कंपनीतल्या बायकांची दुपारची वाट. आणि हेही: वस्तीतल्या बायकांना उताराची, पाणी साचणारी बाजूच का घ्यावी लागते, वरच्या अंगाला गेल्या तर कोणत्या घरांच्या गच्चीवरून दगड येतात. त्या गच्च्यांत माझ्या शेजाऱ्यांच्या गच्च्या होत्या. रानातसुद्धा जात पाळली जात होती, आणि आत्यानं ती रंगवून दाखवली होती.

प्रबंध पुरा होत आला असतानाच शेजारच्या एका कंपनीनं नव्या शेडसाठी ते रान घेतलं. एके दिवशी ट्रक आले, विटा पडल्या, आणि बघता बघता भिंत उभी राहिली. बायका गेल्या तर समोर भिंत. आत्या व्यवस्थापकाला भेटायला गेली. तो सभ्य माणूस होता. त्यानं आराखडा उलगडून दाखवला. "मॅडम, बघा ना, ही जागा मोकळीच होती."

"बघितलं," आत्या म्हणाली. "ज्यानं हे काढलं त्याला बायको नसंल. आईबी नसंल. आभाळातनं पडला असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या वेळी कंपनीच्या हिरवळीसमोर बायकांची रांग लागली. वस्तीतल्या, कॉलनीतल्या, कंपनीतल्या. प्रत्येकीच्या हातात पाण्याचा डबा. घोषणा नाही, फलक नाही. रांगेत सगळ्यांच्या पुढं आत्या, एका हातात पर्स, एका हातात डबा. व्यवस्थापक बाहेर आला. तेव्हा रशीदाबी पुढं झाली.

"साब, हमकू पूछ के दीवार बांधे क्या? अब किधर जाना, तुमीच बोलो. तुम बोले उधर जाते." आणि तिनं त्या हिरव्यागार लॉनकडं असं निरखून बघितलं, की रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. माळ्यानं पाण्याची नळी टाकून दिली आणि तो लॉनच्या मधोमध जाऊन उभा राहिला, जीव गेला तरी हटणार नाही अशा आवेशात.

महिनाभरात भिंतीला लागून बायकांसाठी दोन संडास बांधले गेले. नारळ फुटला, फोटो निघाला, आणि संध्याकाळी त्यांना कुलूप लागलं. किल्ली वॉचमनकडं. मी म्हटलं, आता आत्या कुलूप फोडणार. तसं काही झालं नाही. विद्यापीठात जाण्याआधी ती रोज वॉचमनकडं जाऊन किल्ली मागायला लागली. वापर करायची नाही. दार उघडायची, बंद करायची, किल्ली परत द्यायची. ती गेली की मंगल मागायची. मग रशीदाबी. मग वस्तीतली एखादी. शेवटी तो बिचारा वैतागला आणि कुलूप किल्लीसकट टेबलाच्या खणात टाकून मोकळा झाला. दोन संडास आणि शेकडो बायका. ज्यांचा नंबर लागत नव्हता त्या भिंतीच्या कडेकडेनं आणखी लांब जात होत्या. आत्या त्यांची नवी वाट काढायला पुन्हा बाहेर पडली.

डब्यांच्या रांगेचा फोटो पेपरात आला आणि सरांनी तिला बोलावून घेतलं. त्या दिवशी प्रबंधाचं बाड पोचवायला मी तिच्याबरोबर होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं.

"बाई, प्रबंध उत्तम आहे," सर म्हणाले. "मी आजच सही करतो. फक्त ते रानाचं एक पान काढा."

"का?"

"अहो, बरं दिसत नाही. परीक्षक बाहेरगावचे असतात. अश्लील आहे ते."

"बायकांना तिथं बसावं लागतं ते अश्लील नाही," आत्या म्हणाली, "आणि मी ते कागदावर दाखवलं, की अश्लील?"

"बरं, तो मुद्दा सोडा. पण जात कशाला दाखवायची? आधीच नामांतरावरून वातावरण तापलंय."

"सर, भूगोलात तापमान दाखवायची पद्धत आहे."

सरांनी पेनाला टोपण लावलं. तो बारीक टक् आवाज माझ्या अजून कानात आहे. आत्यानं बाड उचललं, माझ्या हातात दिलं आणि आम्ही बाहेर आलो. जिन्यात मी म्हटलं, "आत्या, एकच पान आहे गं. सही झाली की पुन्हा घालू." माझा सरकारी कारकुनी मेंदू. फाईल आधी पुढं सरकली पाहिजे.

ती जिन्यातच थांबली. "आरं, ते पान काढल्यावर बाकीच्या प्रबंधात काय ऱ्हातं माहितीय? नुसतं शहर. तसलं शहर त्यांच्याकडं लई हाय."

पान राहिलं, सही राहिली. दर वर्षी आत्या अर्ज करायची, दर वर्षी सर पानाचा विषय काढायचे. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं डॉक्टर झाली, प्रपाठक झाली, तिच्या डोक्यावरून वर गेली, आणि नकाशांच्या कोठीत येऊन तिच्या पाया पडून गेली. ती त्यांना पाया पडू द्यायची नाही. "पडताय कशाला? सरांना विचारा, बाईंची सही का देत नाय." पोरं हसून निघून जायची. ते हसणं आठवलं की आजही माझ्या हाताच्या मुठी वळतात, आणि मी तर पोस्टातल्या माणसाशीसुद्धा भांडू न शकणारा गृहस्थ.

मग शेवटी विद्यापीठाला ते नाव आलं. पुरतं बदललं नाही, जुन्याला जोडून आलं, पण आलं. त्या दिवशी आत्या वस्तीतल्या बायकांबरोबर विद्यापीठाच्या दारात उभी होती. गुलालानं तिची पांढरी साडी ओळखू येत नव्हती. मी तिला तेवढं खळखळून हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आत समारंभात स्वागताला फेटा बांधून कोण उभं असावं? कंपास. नावाच्या थोरवीवर ते छान बोलले. त्यांचं भाषण संपल्यावर आत्या गर्दीतून वाट काढत त्यांच्यासमोर गेली. "सर, आता तरी सही करा."

"बाई," सर हात जोडून म्हणाले, "आजच्या आनंदाच्या दिवशी तो विषय नको."

तिचं हसू गेलं. परत येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "पाटी आली. आता आत कोन कोन येतंय ते बघते."

ती व्याख्याती म्हणून लागली होती, व्याख्याती म्हणूनच निवृत्त झाली. नंतरची काही वर्षं आमच्याकडं राहिली. भिंतीपलीकडं शेड उठल्या, वस्तीला रस्ता झाला, नळ आले. आत्या रोज फिरून यायची आणि जेवताना आम्हाला शहरातल्या नव्या चुका सांगायची. शेवटी दवाखान्यात होती तेव्हाही बायकांच्या वॉर्डाचं न्हाणीघर वऱ्हांड्याच्या पार टोकाला का, यावरून तिनं नर्सबाईंना हैराण केलं. "चालता येत नाय ती बाई तिथवर जाईल कशी? कुनी काढला हा नकाशा?" नर्सबाई म्हणाल्या, "आजी, शांत पडा." ती शांत पडली नाही. एका दुपारी मंगल तिला पाणी पाजत होती. दोन घोट घेतले, आणि ती गेली.

वर्ष उलटलं आणि विभागातून मला बोलावणं आलं, प्रबंधाचं बाड घेऊन या म्हणून. नवे प्रमुख आत्याचेच विद्यार्थी, पाया पडणाऱ्यांतले. शेजारी पाहुणे म्हणून कंपास, आता काठी टेकत. चहा आला, बिस्किटं आली. "बाईंच्या स्मरणार्थ त्यांचा प्रबंध पुस्तकरूपानं काढतोय," नवे प्रमुख म्हणाले. मला भरून आलं. मुखपृष्ठ तयार होतं. सरांची प्रस्तावना होती, ती त्यांनी मला वाचायला दिली. 'शांत, सोशिक, मातृहृदयी अशा बाईंनी कधी कुणाविषयी कटू शब्द काढला नाही.' मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाची प्रस्तावना माझ्या हातात आली.

"तुम्ही वारस म्हणून फक्त संमतीची सही करा," नवे प्रमुख म्हणाले. "आणि हो, ते रानाचं पान आम्ही वगळतोय. विद्यार्थिनी वाचतील, बरं दिसत नाही. बाकी जसंच्या तसं."

आयुष्यभर मी साहेब म्हणतील तिथं सही केली. पेन काढलंसुद्धा होतं. आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी टेबलावर हात आपटला. तो बिस्किटांच्या बशीत पडला आणि चुरा उडाला, त्यामुळं प्रसंगाला हवं तेवढं गांभीर्य आलं नाही. पण मी ओरडत होतो. "कटू शब्द काढला नाही? तुमच्याविषयी तिनं दुसरा कुठला शब्द काढलाच नाही! जिवंत होती तेव्हा तिची सही अडवलीत, तिची खुर्ची कोठीत टाकलीत. आता ती मेल्यावर तिचं पान काढता आणि तिचा रागही काढता? मग पुस्तकात ठेवलंत काय, मुखपृष्ठ? ते पान असेल तर पुस्तक निघेल. नाहीतर तिचा प्रबंध माझ्या घरात राहील, वाळवी खाईल, पण तुमच्या हातानं सोवळा होणार नाही!"

वऱ्हांड्यात पोरं जमली होती. सर माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चष्म्यावर बिस्किटाचा चुरा होता. नवे प्रमुख म्हणाले, "काका, तुम्ही दमलात. पाणी घ्या." मी पाणी घेतलं नाही. बाड काखेत मारलं आणि बाहेर पडलो. रागाच्या भरात चुकीच्या बसमध्ये बसलो ते थेट वाळूजला जाऊन पोचलो. तिथून परत येईपर्यंत संध्याकाळ झाली.

मंगल ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, हातवाऱ्यांसकट, बिस्किटं वगळून. पुस्तक निघणार नाही, हेही सांगितलं. ती निवडतच राहिली. सांगून झाल्यावर मी वाट बघितली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नवरा कुणावर तरी खराखुरा ओरडून आला होता. काहीतरी कौतुक होईलच.

"बरं केलं," मंगल म्हणाली. "पन ते पान तसंच छापलं असतं तरी आता काय उपेग? त्यातल्या निम्म्या जाग्यांवर गोदामं झाली. नव्या शेडमधल्या पोरी दुपारच्या कुठं जातात, कुनी बघितलंय? उद्या रविवार हाय, तरी शेडमधल्या पाळ्या चालू असतात. मी आन् रशीदाबी सकाळीच निघतो. तुम्ही घरी कुकर लावा, आन् डाळ आधी भिजत घाला."